मुद्दाम अपुरें ठेवलेलें फर्निचर

चार वर्षांपूर्वीं शाळेंतून निवृत्त झाल्यावर मी जुनें भाड्याचें घर सोडून मुलाच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडीं राहावयास आलों. सामान फारसें नव्हतें. पुस्तकें, भांडीं, दोन ट्रंका, आणि माझ्या वडिलांनीं आपल्या उमेदीच्या काळांत करवून घेतलेलें एक शिसवी कपाट. ट्रंका वर गेल्या, पुस्तकें गेलीं. कपाट मात्र दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडलें. चार हमालांनीं तें आडवें केलें, उभें केलें, तिरपें केलें. अखेर त्यांतला एक वडीलधारा घाम पुशीत म्हणाला, "मास्तर, एक तर जिना तोडा, नाहीं तर कपाट." सुतारास बोलावलें. तो म्हणाला, "मधोमध कापून देतों, वर नेऊन पुन्हां सांधूं." त्या दारांवरची वेलबुट्टी मी लहानपणापासून पाहत आलों होतों. तिच्यावर करवत चालवण्यास माझें मन घेईना. कपाट एका परिचितांच्या वाड्यांत पोंचवलें आणि रित्या हातांनीं जिना चढलों.

त्या रात्रीं एक प्रश्न मनांत येऊन बसला, तो अजून उठलेला नाहीं. सामान माणसासाठीं असतें असें आपण म्हणतों; पण आयुष्यभर आपणच सामानाच्या सोयीनें वागत आलों नाहीं काय? कपाटाच्या जागेवरून खाटेची जागा ठरते, खाटेवरून दिव्याची ठरते, आणि दिव्यावरून मुलानें अभ्यासास कोठें बसावें हें ठरतें. हें सारें कोणी ठरवलें? ज्या सुतारानें दोन पिढ्यांपूर्वीं तें कपाट केलें, आणि ज्यानें आमचें घर कधीं पाहिलें नाहीं, त्यानें.

हाच प्रश्न इटली देशांत, विशेषतः मिलान शहरांत, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत विचारला गेला. आणि त्याचें उत्तर देण्यांत सुतारांइतकाच चित्रकारांचाही हात होता. ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम शब्दाचा खुलासा करूं. सुटे, एका मापाचे घटक जोडून जें फर्निचर उभें राहतें त्यास 'मॉड्यूलर' म्हणतात. याच्या मुळाशीं 'मॉड्युलस' हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ लहान माप. प्राचीन रोमचा वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस यानें देवळाचे भाग एका मापाच्या पटींत बसवण्याची रीत सांगितली. पुढें फ्लॉरेन्स शहरीं १४१९ सालीं ब्रुनेलेस्की यानें अनाथ बालकांच्या आश्रमाचें काम हातीं घेतलें. त्या आश्रमाच्या ओसरींत खांबाची उंची, दोन खांबांमधलें अंतर आणि ओसरीची खोली यांना एकच माप लावलेलें आहे. तेव्हां मापाची ही विद्या इटलीस नवी नव्हती. मात्र ब्रुनेलेस्कीचें माप ब्रुनेलेस्कीच्याच हातांत राहिलें. इमारत पुरी झाली कीं मापाचें काम संपलें. विसाव्या शतकांतल्या इटालियन कलावंतांनीं तेंच माप घरांत राहणाऱ्याच्या हातीं दिलें. सारें नावीन्य त्यांत आहे.

आतां मिलानकडे वळूं. १९४३ च्या ऑगस्टांत या शहरावर बाँबचा भयंकर वर्षाव झाला. युद्ध संपलें तेव्हां असंख्य कुटुंबांना राहावयास जागा नव्हती. १९४९ सालीं 'इना-काझा' नांवाची सरकारी गृहयोजना सुरू झाली आणि पुढील चौदा वर्षांत तिनें देशभर सुमारें साडेतीन लाख घरें बांधलीं. घरें नवीं होतीं, पण आटोपशीर. मिलानच्या उत्तरेस ब्रिआन्झा नांवाचा प्रदेश आहे. कान्तू, मेदा, लिस्सोने हीं तेथलीं गांवें पिढ्यान्‌पिढ्या सुतारकामावर नांदत आलीं आहेत. नक्षीचे पलंग व उंच कपाटें करण्यांत तेथले कारागीर वाकबगार. परंतु तसलें सामान नव्या घरांत नेणें म्हणजे माझें शिसवी कपाट जिन्यांतून नेण्यासारखेंच होतें.

फ्रान्को अल्बिनी या वास्तुशिल्पज्ञानें १९५६ सालीं पुस्तकांसाठीं एक मांडणी तयार केली. तिला पाठ नाहीं, बाजू नाहींत. उभे दांडे जमीन व छत यांच्यामध्यें दाबून बसवावयाचे, आणि त्यांवर हव्या त्या उंचीवर फळ्या अडकवावयाच्या. भिंतीस खिळा ठोकावा लागत नाहीं. घर बदललें तर दांडे-फळ्या सोडाव्या, मोळी बांधावी आणि निघावें.

पण जागेची टंचाई जगांत पुष्कळ ठिकाणीं होती. मग हें फर्निचर मिलानलाच इतकें कां बहरलें? नुसत्या गरजेनें याचा उलगडा होत नाहीं. त्यासाठीं त्या शहरांतील चित्रकारांच्या कामाकडे पाहिलें पाहिजे.

१९०९ सालीं मारिनेत्ती या कवीनें पॅरिसच्या 'फिगारो' पत्रांत भविष्यवाद्यांचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यांत युद्धाची जी स्तुति आहे ती वाचून अंगावर कांटा येतो. तिचें समर्थन मी करणार नाहीं. पण याच पंथांतल्या बाल्ला व देपेरो या दोन चित्रकारांनीं १९१५ च्या मार्चमध्यें एक पत्रक काढलें, त्याचें नांव 'विश्वाची भविष्यवादी पुनर्रचना'. चित्रानें चौकट ओलांडून माणसाच्या सभोंवारच्या सर्व वस्तूंत शिरावें, अशी त्यांची आकांक्षा होती. बाल्ला यानें आरंभ स्वतःच्या घरापासून केला. रोम शहरांतील त्याच्या घरीं भिंती, दारें, खुर्च्या, भांडीं यांवर त्याचाच रंग आणि त्याचीच रेघ आहे. तें घर २०२१ सालीं लोकांना पाहावयास खुलें झालें.

या पंथाच्या दुसऱ्या पिढींत ब्रूनो मुनारी नांवाचा एक विलक्षण मिलानवासी होऊन गेला. १९०७ सालीं जन्मलेला हा चित्रकार १९९८ पर्यंत जगला आणि शेवटपर्यंत मुलांसाठीं खेळ व पुस्तकें करीत राहिला. १९३३ च्या सुमारास त्यानें जीं कामें केलीं त्यांना त्यानें 'निरुपयोगी यंत्रें' असें नांव दिलें. रंगवलेले हलके तुकडे दोऱ्यांनीं छतास टांगलेले असत. वाऱ्याची झुळूक आली कीं ते फिरत, आणि क्षणोक्षणीं निराळी रचना दिसे. चित्र म्हणजे एकदां ठरलेली आकृति, ही समजूत येथें मोडली. चित्रकारानें तुकडे दिले, त्यांचें परस्परांशीं असलेलें नातें दिलें. आकृति वाऱ्यानें केली.

यानंतर १९५७ सालीं एन्झो मारी या तरुण कलावंतानें 'सोळा प्राणी' नांवाचें लांकडी खेळणें केलें. लांकडाच्या एकाच आयताकृति तुकड्यांतून सोळा प्राणी कापलेले. एकाच्या पाठीची रेघ तीच दुसऱ्याच्या पोटाची रेघ. सगळे पुन्हां जवळ आणले कीं आयत पुरा होतो. तीस वर्षें फळ्यावर भूमिति काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला या खेळण्याचें चित्र पाहून मत्सर वाटला, हें कबूल करतों. जें क्षेत्रफळ मी मुलांना सूत्रानें शिकवीत होतों तें यानें त्यांच्या हातीं खेळावयास दिलें.

१९६२ सालीं मुनारीच्या पुढाकारानें मिलानमध्यें, ओलिव्हेत्ती या टंकयंत्रांच्या कंपनीच्या दुकानांत, एक प्रदर्शन भरलें. त्याचें नांव 'आर्ते प्रोग्रामाता', म्हणजे नियम आंखून दिलेली कला. कलावंतानें नियम ठरवावा. त्या नियमांतून रूपें कोणतीं निघतील तें यंत्रावर, योगायोगावर आणि पाहणाऱ्यावर सोडावें. मारी याचीं कामें तेथें होतीं. प्रदर्शनाच्या पुस्तिकेची प्रस्तावना उंबेर्तो एको यानें लिहिली, आणि त्याच वर्षीं त्याचा 'ओपेरा अपेर्ता' हा ग्रंथ बाहेर पडला. त्या नांवाचा अर्थ 'मोकळी कृति'. कर्त्यानें कृति अशा रीतीनें घडवावी कीं तिचा शेवटचा हात वाचणाऱ्यानें, ऐकणाऱ्यानें, पाहणाऱ्यानें फिरवावा, हा त्यांतील विचार आहे. श्रोतेहो, आपल्या विषयाचें मूळ येथें सांपडतें. जी कृति पाहणाऱ्यानें पुरी करावयाची ती चित्र असूं शकते, तशी खुर्चीही असूं शकते.

हा संबंध मी कल्पनेनें जोडीत नाहीं. तो एका घरांतच दिसतो. मिलानमध्यें कोलंबो आडनांवाचे दोघे भाऊ होते. धाकटा जान्नी त्या १९६२ च्या प्रदर्शनांतला एक कलावंत. त्याची 'लवचिक अवकाश' नांवाची रचना प्रसिद्ध आहे: अंधाऱ्या खोलींत चमकणाऱ्या दोऱ्यांचें एक जाळें ताणलेलें असतें आणि यंत्राच्या योगानें त्याचे चौकोन हळूहळू आकार बदलतात. या कामासाठीं १९६८ सालीं व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनांत त्याला पारितोषिक मिळालें. थोरल्याचें नांव चेझारे. पण सर्व जण त्याला जो म्हणत. तोही आधीं चित्रकारच. १९५१ सालीं निघालेल्या, अणुयुगाच्या भयानें व कुतूहलानें भारलेल्या 'न्यूक्लिअर' चित्रकारांच्या गटांत तो होता. पुढें त्यानें कुंचला ठेवला आणि फर्निचर हातीं घेतलें. धाकट्या भावानें खोलीचे चौकोन हलते केले. थोरल्यानें खोलींतलें सामान हलतें केलें.

जो कोलंबो याची १९६९ सालची 'नळ्यांची खुर्ची' पाहा. निरनिराळ्या जाडीच्या चार पोकळ नळ्या, त्यांवर मऊ फेसाचा थर व वरून आवरण. चिमट्यांनीं त्या जोडाव्या तशी खुर्ची होते: कधीं ताठ, कधीं लवंडण्याजोगी. काम संपलें कीं एका नळींत दुसरी, दुसरींत तिसरी अशा घालून पिशवींत भराव्या. त्यापूर्वीं १९६७-६८ त त्यानें वेगवेगळ्या उंचीच्या गाद्या एका आधारावर ओळीनें बसवून खुर्ची किंवा कोच करण्याची योजना आंखली होती. आणि शेवटीं त्यानें सबंध घरच चार भागांत बसवलें: स्वयंपाक, कपाट, निजण्याची जागा आणि न्हाणीघर, सर्व मिळून अवघे २८ चौरस मीटर. तें पुरें झालेलें पाहण्यास तो राहिला नाहीं. ३० जुलै १९७१ रोजीं, आपल्या एकेचाळिसाव्या वाढदिवशीं, तो वारला.

कल्पनेस द्रव्याची जोड लागते. ती रसायनशास्त्रानें दिली. १९५४ सालीं मिलानच्या तंत्रविद्यापीठांत जूलिओ नात्ता यानें पॉलिप्रॉपिलीन हें प्लास्टिक सिद्ध केलें आणि १९६३ सालीं जर्मन रसायनज्ञ त्सीग्लर याच्यासह तो नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला. 'कार्तेल्ल' हा कारखाना १९४९ सालीं जूलिओ कास्तेल्ली या रसायन-अभियंत्यानें मिलानमध्यें काढला. त्याच कारखान्यासाठीं झानुसो व झापर या जोडीनें १९६४ सालीं मुलांची एक प्लास्टिकची खुर्ची केली. ती इतकी हलकी कीं मूल ती स्वतः उचलतें. आणि खुर्चीवर खुर्ची रचून त्यांचा मनोरा करतां येतो. वर्गांतील बांक जमिनीस ठोकलेले असावेत असा आग्रह धरणाऱ्या आम्हां शिक्षकांना या खुर्चीनें पुष्कळ कांहीं सांगितलें असतें.

कास्तेल्लीची पत्नी आन्ना कास्तेल्ली फेर्रिएरी ही स्वतः वास्तुशिल्पज्ञ होती, आणि मघां सांगितलेल्या अल्बिनीच्या हाताखालीं तिनें काम केलेलें होतें. १९६७ सालीं तिनें 'कोम्पोनीबिली' नांवाचे कप्पे तयार केले. प्रत्येक कप्पा खालच्या कप्प्यावर नुसता बसतो. खिळा नाहीं, स्क्रू नाहीं, गोंद नाहीं. दोन रचले तर उशाशीं ठेवण्याचें मेज. चार रचले तर कपाट. तो आजही तयार होतो व विकला जातो.

मोठें बसावयाचें सामान पॉलियुरेथेन नांवाच्या फेसानें शक्य केलें. हा द्रव सांच्यांत ओतावा, तो फुगून हव्या त्या आकाराचा मऊ ठोकळा व्हावा. स्प्रिंगा नकोत, भरगच्च लांकडी सांगाडा नको. चीनी बोएरी या विदुषीनें १९७१ सालीं 'सेर्पेन्तोने' म्हणजे 'मोठा सर्प' या नांवाचा कोच केला. तो वळवावा तसा वळतो आणि कापडासारखा मीटरच्या मापानें विकला जाई. पण या सर्वांत लोकप्रिय ठरला तो मारिओ बेल्लिनी याचा १९७० सालचा 'कामालेओन्दा'. रंग बदलणारा सरडा आणि लाट या अर्थाच्या दोन इटालियन शब्दांचा हा संधि आहे. बसण्याचा चौरस ठोकळा, ९० सेंटीमीटर लांब आणि तितकाच रुंद; पाठ निराळी, हात निराळे; तारा, आंकडे व कड्या यांनीं ते ठोकळ्यास अडकवावयाचे. आज समोरासमोर दोन बांक, उद्यां सलग कोच, परवां पाहुणा आला तर निजावयास पलंग. लोड-तक्के हलवून बैठकीचें रूप पालटणाऱ्या आपल्या घरांना ही कल्पना ओळखीची वाटेल. साम्य मात्र योगायोगाचें आहे.

१९७२ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत इटलीच्या या नव्या घरसामानाचें मोठें प्रदर्शन भरलें. एमिलिओ आम्बाझ यानें तें मांडलें होतें. कामालेओन्दा तेथें होता. जो कोलंबोचें चार भागांचें घरही होतें. पण तेथेंच फ्लॉरेन्सच्या 'सुपरस्टुडिओ' या तरुण मंडळानें वस्तूच नकोत अशा जीवनाचें चित्र मांडलें. जणू ते विचारीत होते: माणसाला मोकळीक द्यावयाची, तर ती त्याला विकत कां घ्यावयास लावावी?

हा प्रश्न टाळण्याजोगा नव्हता. 'सोळा प्राणी' करणाऱ्या एन्झो मारीनें त्याला आपल्या परीनें उत्तर दिलें. १९७४ सालीं त्यानें साध्या फळ्या व खिळे यांपासून मेज, खुर्ची, खाट व मांडणी कशी करावी याचे नकाशे तयार केले, आणि जो कोणी टपालखर्च पाठवील त्याला ते देऊं केले. कारखान्याची जरुरी नाहीं, हातोडा पुरे. मारीच्या मतें, ज्यानें स्वतः एक मेज ठोकून पाहिलें त्याला पुढें दुकानांतल्या मेजाची पारख येते. मला वाटतें, या साऱ्या हकीकतींत खरा मास्तर हाच.

१९७३ सालच्या तेलटंचाईनें खनिज तेलापासून होणारें सर्व द्रव्य महाग झालें आणि त्या उत्साहास ओहोटी लागली. कामालेओन्दा १९७८ नंतर कारखान्यांतून बाहेर पडेनासा झाला. २०२० सालीं तो पुन्हां करावयास घेतला. मधल्या चाळीस वर्षांत जुने ठोकळे संग्राहकांच्या हातीं गेले आणि आज लिलावांत त्यांना मोठी किंमत येते. येथें एक विपरीत गोष्ट घडते. जें हलवण्यासाठीं केलें तें, किंमत चढल्यामुळें, कोणी हलवीनासें होतें. संग्रहालयांतला कामालेओन्दा आपली मांडणी स्वतः बदलूं शकत नाहीं, आणि पाहणाऱ्याला हात लावण्याची परवानगी नसते. शिवाय तो फेस काळानें ठिसूळ होऊन त्याचा भुगा होतो. जुन्या ठोकळ्यांत भरण नवें करून घ्यावें लागतें. मग जुनें म्हणून काय उरतें? माझ्या मतें उरतें तें माप, उरतो तो सांधा, आणि उरते ती कल्पना कीं घराची मांडणी पुरी करण्याचा हक्क घरांतल्या माणसाचा आहे.

आतां माझ्या कपाटाकडे परत येतों. त्याच्या रिकाम्या जागीं मीं आमच्या गल्लींतल्या सुताराकडून देवदाराच्या सहा पेट्या करून घेतल्या. साऱ्या एका मापाच्या, एका बाजूनें उघड्या. आडव्या-उभ्या रचून त्यांत माझीं पुस्तकें नीट लावलीं. कोणतें पुस्तक कोणत्या पेटींत, हें मी डोळे मिटून सांगूं शकत होतों. एके संध्याकाळीं फिरून आलों तों माझ्या नऊ वर्षांच्या नातीनें दोन पेट्या ओढून खिडकीशीं नेल्या होत्या, त्यांवर फळी टाकली होती, आणि ती अभ्यासास बसली होती. पुस्तकें जमिनीवर होतीं. तीस वर्षांची संवय, तोंडांतून शब्द निघालाच, "हें काय केलेंस? ठेव पाहूं जागच्या जागीं!" ती म्हणाली, "आजोबा, इथें उजेड येतो."

खिडकींतून खरोखरच चांगला उजेड येत होता. चार वर्षें त्या घरांत राहून तें माझ्या ध्यानांत आलें नव्हतें. मीं पुस्तकें उचलून उरलेल्या चार पेट्यांत लावलीं. दोन पेट्या अजून खिडकीशींच आहेत.